दर उतरले, सवलती गेल्या कुठे?

मागच्या अंकात अरुण जेटलींच्या २०१५ च्या अर्थसंकल्पाचा उल्लेख मी जाता जाता केला होता. कंपन्यांचा प्राप्तिकर ३० टक्क्यांवरून २५ वर आणायचा आणि त्याच्या बदल्यात सवलती एकेक करून काढून टाकायच्या, हे त्यांचं म्हणणं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी मृत्युपत्रं आणि म्युच्युअल फंडांचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. मी सीए आहे, कोल्हापूरकडच्या औद्योगिक वसाहतींमधल्या लहान-मध्यम कारखान्यांची कामं करते. त्यामुळे मंत्र्याने भाषणात काय सांगितलं यापेक्षा कॉम्प्युटेशनच्या शीटवर शेवटचा आकडा काय आला, याकडे माझं लक्ष आधी जातं. उत्तरं त्याच नजरेने दिली आहेत.

प्रश्न : मॅडम, जेटलींनी ३० चे २५ करण्याचं वचन दिलं होतं ना? मग त्यांनी ते पाळलं की नाही? आमच्या कट्ट्यावर यावरून दोन तट पडलेत. (नाशिक)

उत्तर : दोन्ही तटांकडे पुरावा आहे, म्हणून वाद मिटत नसणार.

२८ फेब्रुवारी २०१५ च्या भाषणात जेटलींनी जे मांडलं, ते हिशेबाच्या दृष्टीने अगदी सरळ होतं. कागदावर आपला दर ३० टक्के, पण प्रत्यक्षात वसुली होते साधारण २३ टक्क्यांची, कारण मधली जागा सवलतींनी खाल्लेली. म्हणजे जास्त कर घेणारा देश म्हणून नाव खराब, आणि तेवढा पैसाही हाती नाही. यावर त्यांनी चार वर्षांचा कार्यक्रम सांगितला : पुढच्या वर्षीपासून दर टप्प्याटप्प्याने उतरेल आणि सवलतीही टप्प्याटप्प्याने जातील.

आता त्याच अर्थसंकल्पातली दुसरी ओळ बघा. १० कोटींवर उत्पन्न असलेल्या देशी कंपन्यांचा अधिभार, म्हणजे करावरचा जादा कर, त्यांनी १० वरून १२ टक्के केला. म्हणजे दर उतरवणार असं ज्या दिवशी जाहीर केलं, त्याच दिवशी मोठ्या कंपनीचा एकूण दर ३३.९९ टक्क्यांवरून ३४.६०८ वर गेला. २०१८ मध्ये कर आणि अधिभार या दोन्हींवर लागणारा उपकर ३ टक्क्यांचा ४ झाला, तेव्हा तो ३४.९४४ झाला. जेटलींनी जुलै २०१४ ते फेब्रुवारी २०१८ असे पाच अर्थसंकल्प मांडले. त्या सबंध काळात देशातल्या बड्या कंपन्यांचा दर जवळजवळ एका टक्क्याने वाढला. तुमच्या कट्ट्यावरचा एक तट इथे टाळ्या वाजवेल.

दुसऱ्या तटाने मात्र लहान कंपन्यांकडे बोट दाखवावं. २०१६ मध्ये ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना २९ टक्के. त्याच वर्षी आणखी एक बारीक कलम आलं : १ मार्च २०१६ नंतर स्थापन झालेल्या उत्पादक कंपनीने सवलतींवर पाणी सोडलं तर तिला २५ टक्के. २०१७ मध्ये ५० कोटींपर्यंतच्या सगळ्यांना २५, आणि २०१८ मध्ये ही मर्यादा एकदम २५० कोटी. तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं की विवरणपत्र भरणाऱ्या सुमारे ७ लाख कंपन्यांपैकी जेमतेम ७,००० कंपन्या आता ३० टक्क्यांत उरतील. कंपन्या मोजल्या तर वचन ९९ टक्के पाळलं. रुपये मोजले तर नाही, कारण कराचा मोठा हिस्सा त्या ७,००० जणांकडूनच येतो.

या ७,००० जणांची पाळी आली ती २० सप्टेंबर २०१९ ला. जेटलींचं निधन २४ ऑगस्टला झालेलं. त्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा निर्मला सीतारामन यांनी गोव्यात, जीएसटी कौन्सिलच्या बैठकीआधी, ही घोषणा केली : सवलती सोडा, २२ टक्के द्या. अधिभार आणि उपकर धरून २५.१७. १ ऑक्टोबर २०१९ नंतर स्थापन होणाऱ्या नव्या उत्पादक कंपनीला तर १५, म्हणजे सगळं मिळून १७.१६. सरकारने स्वतःच वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडल्याचं सांगितलं आणि सेन्सेक्स त्या दिवशी १,९०० अंकांहून अधिक उसळला. घोषणा दुसऱ्याच्या नावावर जमा आहे. साचा मात्र २०१६ च्या त्या बारीक कलमाचाच आहे.

प्रश्न : सवलती, सवलती म्हणतात त्या नेमक्या कोणत्या? सामान्य माणसाला दिसेल असं एखादं उदाहरण द्याल का? (सातारा)

उत्तर : तुम्ही साताऱ्याचे, मग उदाहरण तुमच्या जिल्ह्यातच उभं आहे. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर जा आणि मान वर करा.

तिथल्या पवनचक्क्यांमधून वीज निघत होती हे खरंच, पण ज्यांनी त्या विकत घेतल्या त्यातल्या कित्येकांचा विजेशी काही संबंध नव्हता. कुणी कापडवाला, कुणी बांधकामवाला, कुणी सराफ. कारण होतं घसारा, म्हणजे यंत्राची झीज म्हणून दरवर्षी नफ्यातून वजा करता येणारी रक्कम. साध्या यंत्राला वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. पवनचक्कीला एकेकाळी १०० टक्के होता, पुढे बरीच वर्षं ८० टक्के. समजा १ कोटीची पवनचक्की घेतली. पहिल्याच वर्षी ८० लाख खर्च म्हणून तुमच्या मूळ धंद्याच्या नफ्यातून वजा. करदर ३४ टक्क्यांच्या आसपास असताना हा झाला सुमारे २७ लाखांचा कर, त्या वर्षापुरता वाचलेला. बाकीला बँकेचं कर्ज. वारा किती वाहतो याची चौकशी करायला मालक पठारावर कशाला जातोय!

आमच्या धंद्यात याची एक तारीख ठरलेली होती : ३ ऑक्टोबर. त्या दिवसापर्यंत चक्की सुरू झाली तर आर्थिक वर्षात ती १८० दिवस वापरली गेली असं धरून पूर्ण ८० टक्के मिळतात. एक दिवस उशीर झाला की निम्मे, म्हणजे ४०. मग सप्टेंबरअखेर जी पळापळ व्हायची! पावसाने घाटरस्ता खचलाय, ट्रेलरवर पातं अडकलंय, आणि इकडे मालक फोनवर विचारतोय, 'मॅडम, सुरू झाल्याचा दाखला जुन्या तारखेचा चालेल का?' चालत नसे. छाननीत अधिकारी पहिला कागद मागायचा तो पहिल्या युनिटच्या मीटर रीडिंगचा, कारण चक्की उभी असणं वेगळं आणि वापरात आणणं वेगळं. मार्चअखेर दुसरी लाट यायची. निम्मे तर निम्मे म्हणणाऱ्यांची.

गंमत अशी की याच विषयात जेटलींनी दोन्ही बाजूंनी बॅटिंग केली. पवनचक्क्यांचा हा जादा घसारा २०१२ मध्ये काढला होता, तो जुलै २०१४ च्या पहिल्या अर्थसंकल्पात त्यांनी परत आणला. आणि २०१६ मध्ये सवलती कापायला बसले तेव्हा सगळ्याच जादा घसाऱ्यांवर १ एप्रिल २०१७ पासून ४० टक्क्यांची टोपी घातली. त्याच यादीत संशोधनाच्या खर्चावरची २०० टक्के वजावट आधी १५० आणि मग २०२० पासून १०० टक्के. एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) नवं युनिट सुरू करायची मुदत ३१ मार्च २०२०. एवढं सगळं आधीच तारखांसकट लिहून ठेवलं होतं, ही गोष्ट मला आवडली. धंदेवाल्याला कर परवडतो, अचानकपणा परवडत नाही.

मधल्या काळात, २००९ पासून, पवनचक्क्यांसाठी दुसरा पर्यायही होता : घसारा नको असेल तर ग्रिडला दिलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे घ्या. हे लक्षात ठेवा, पुढच्या एका उत्तरात लागेल. चक्की विकत घेतल्याबद्दल पैसे मिळणं आणि वीज काढल्याबद्दल पैसे मिळणं यात फार फरक आहे.

प्रश्न : सूट-बूट की सरकार म्हणून ज्यांना हिणवलं गेलं त्यांचे अर्थमंत्री होते ते. श्रीमंतांचे कैवारी नव्हते असं म्हणायचंय का तुम्हाला? (पुणे)

उत्तर : कैवारी होते की नव्हते हे तुम्ही ठरवा, मी फक्त नोंदी वाचून दाखवते. २०१५ मध्ये त्यांनी संपत्ती कर रद्द केला. ऐकायला हे श्रीमंतधार्जिणं वाटतं. पण २०१३-१४ मध्ये त्या कराची देशभरची वसुली १,००८ कोटी होती आणि त्यासाठी दागिन्यांची मूल्यांकनं वगैरे व्याप फार. त्याऐवजी १ कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांवर २ टक्के अधिभार वाढवला आणि त्यातून ९,००० कोटी येतील असं सांगितलं. २०१६ मध्ये वर्षाला १० लाखांहून जास्त लाभांश घेणाऱ्यांवर १० टक्के कर बसवला. २०१८ मध्ये शेअर्सवरच्या दीर्घकालीन नफ्यावर, १ लाखाच्या वर, १० टक्के. तो नफा २००४ पासून करमुक्त होता, आणि तो पुन्हा करात आणायला आधीचे अर्थमंत्री धजावले नव्हते.

आणि कंपन्यांना सवलतींची खिरापत वाटायची सवय एका पक्षाची नाही. नफा कमावून, लाभांश वाटून, कर मात्र शून्य भरणाऱ्या कंपन्यांवर मोठा बडगा उगारला तो राजीव गांधींनी. व्ही. पी. सिंग संरक्षण खात्यात गेल्यावर अर्थखातं त्यांच्याकडे होतं आणि १९८७ चा अर्थसंकल्प त्यांनीच मांडला. पुस्तकी नफ्याच्या किमान ३० टक्के तरी उत्पन्न धरायचं, असा तो नियम. १९९० मध्ये तो गेला, १९९६ मध्ये पी. चिदंबरम यांनी मॅट (किमान पर्यायी कर) या नावाने परत आणला. म्हणजे एका हाताने सवलती द्यायच्या आणि दुसऱ्या हाताने त्या सवलतींवरच कर लावायचा. सवलतींमुळे किती महसूल बुडतो याचं विवरण अर्थसंकल्पाला जोडण्याची पद्धतही चिदंबरम यांच्याच काळात, २००६ मध्ये सुरू झाली. ते विवरण निघालं नसतं तर जेटलींना २०१५ मध्ये भाषणात कशाच्या जोरावर बोलता आलं असतं, मला शंका आहे.

प्रश्न : करसवलती बंद केल्या म्हणता, पण पीएलआय (उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन), सेमीकंडक्टर, राज्यांची पॅकेजेस यांतून हजारो कोटी वाटले जातायत. मग बंद काय झालं? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुमचं पत्र वाचून पत्रपेटीचं सार्थक झालं. बंद काहीच झालं नाही, दार बदललं. पण दार बदलल्यानेही फरक पडतो.

आधी हिमाचलातल्या बद्दीची गोष्ट. वाजपेयी सरकारने २००३ मध्ये हिमाचल आणि उत्तराखंडला पॅकेज दिलं : तिथे कारखाना टाकला तर दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ, पहिली पाच वर्षं प्राप्तिकरही माफ आणि नंतरची पाच वर्षं कंपन्यांना ३० टक्के सूट. ज्यांचा माल हलका आणि महाग ते तिकडे धावले, आणि गोळ्या-कॅप्सूलपेक्षा हलकं-महाग काय असणार? घरातली औषधाची पट्टी उलटून पत्ता वाचा. बद्दी, जिल्हा सोलन असं सापडण्याची शक्यता चांगली आहे. महाराष्ट्रातून तेव्हा काय गेलं यावर इथे भाषणं पुष्कळ झाली. ट्रकभाडं भरूनही तिकडे परवडत होतं, एवढा साधा हिशेब होता तो.

२०१७ मध्ये जीएसटी आला. जीएसटीत प्रत्येक टप्प्याला आधी भरलेल्या कराची वजावट मिळते, त्यामुळे मधल्या एकालाच माफी दिली की साखळी तुटते. मग ज्यांची दहा वर्षं संपायची होती त्यांचं काय? जेटलींनी ऑगस्ट २०१७ मध्ये तोडगा काढला : कर सगळ्यांसारखा भरा, नंतर केंद्र तुम्हाला परत देईल. केंद्रीय जीएसटीच्या ५८ टक्के, एकात्मिक (म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीवरच्या) जीएसटीच्या २९ टक्के. ५८ च का? तर केंद्राच्या करातले ४२ टक्के वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांना जातात, उरलेले ५८ च केंद्राचे. जे आपल्याकडे राहिलंच नाही ते परत कसं करणार, असा वकिली खाक्या. मार्च २०२७ पर्यंत यासाठी २७,४१३ कोटींची तरतूद.

मला हा निर्णय कर २५ टक्के करण्याच्या वचनापेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर फारसं कुणी लिहिलं नाही. कायद्यातली माफी कुणाला दिसत नाही. ती घेणारा घेतो, देणारा विसरतो, आणि दहा वर्षांनी कुणी विचारलं तर अंदाज काढावा लागतो. तीच रक्कम अनुदान म्हणून दिली की तिला अर्थसंकल्पात ओळ मिळते, मर्यादा पडते, संपण्याची तारीख असते, महालेखापरीक्षकाला फाइल मागता येते. संसदेत खासदाराला विचारता येतं, यंदा किती दिले आणि कुणाला?

पीएलआय याच वाटेने आलं. जेटलींनंतर, २०२० मध्ये. १४ क्षेत्रं, १ लाख ९७ हजार कोटी. मोबाइलवाल्यांना २०१९-२० च्या तुलनेत जेवढी विक्री वाढली त्यावर ४ ते ६ टक्के, पाच वर्षं. विक्री वाढली नाही तर दमडी नाही. वर सांगितलेले पवनचक्कीचे ५० पैसे आठवा, तोच विचार. कारखाना उभा केल्याबद्दल शाबासकी नाही, त्यातून माल बाहेर पडला पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. पीएलआयच्या अटींतली किमान गुंतवणूक आणि किमान विक्री बघितली की माझ्या ओळखीतला एकही फाउंड्रीवाला त्या दारातून आत जात नाही. जुन्या करसवलतीत निदान एवढं होतं की १५ लाखांच्या मशीनवाल्यालाही जादा घसारा मिळायचा, अर्ज-बिर्ज न करता.

सेमीकंडक्टरमध्ये मात्र पुन्हा उलटं घडलं. गुजरातमध्ये साणंदच्या मायक्रॉनच्या प्रकल्पाला खर्चाच्या ५० टक्के केंद्राकडून आणि २० टक्के राज्याकडून. पावणेतीन अब्ज डॉलरच्या प्रकल्पात कंपनीचे स्वतःचे सव्वाआठशे दशलक्ष. इथे पैसे उभारणीलाच मिळतात. धोरण म्हणून कदाचित दुसरा मार्ग नसेल, पण ७० टक्के सरकारने घातल्यावर नफ्यात सरकारचा वाटा फक्त कराएवढाच का, हा प्रश्न मला तरी पडतो.

राज्यांच्या पॅकेजेसबद्दल थोडक्यात. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे, वेळोवेळी नव्याने येते, आणि तालुका जितका मागास तितकं जास्त मिळतं. लहान उद्योगासाठी नियम छापलेले आहेत. अतिविशाल प्रकल्पासाठी मात्र मंत्रिमंडळाची उपसमिती खास पॅकेज ठरवते, आणि तिथे जेटलींचा सौदा पोचलेलाच नाही. वेदांता-फॉक्सकॉन २०२२ मध्ये गुजरातला गेल्यावर इथे किती गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. कुणी किती देऊ केलं होतं, यावर मात्र कुणीही सरळ कागद पुढे ठेवला नाही. पुढच्या वर्षी फॉक्सकॉननेच अंग काढून घेतलं, म्हणून विषय मिटला.

प्रश्न : २०१९ च्या कपातीने सरकारचा तोटा झाला की फायदा? एका वाक्यात सांगा. (नागपूर)

उत्तर : एका वाक्यात सांगणारे टीव्हीवर भेटतात. कंपनीकर २०१८-१९ मध्ये ६.६३ लाख कोटी जमा झाला, २०१९-२० मध्ये ५.५६, आणि कोविडच्या २०२०-२१ मध्ये ४.५७. पुढे सावरला, २०२३-२४ मध्ये ९.११ लाख कोटी. पण त्याच वर्षी तुमच्या-माझ्यासारख्यांचा वैयक्तिक प्राप्तिकर १० लाख कोटींच्या वर होता. पूर्वी कंपन्या पुढे आणि माणसं मागे असत, आता क्रम उलटला आहे. गुंतवणुकीचं म्हणाल, तर सरकारच्याच २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीने लिहून ठेवलं आहे की २०२० ते २०२३ या आर्थिक वर्षांत कंपन्यांचा करपूर्व नफा जवळजवळ चौपट झाला आणि नोकरभरती व पगारवाढ त्या वेगाने झाली नाही. विरोधकांचा आरोप नाही हा, घरचाच आहेर.

प्रश्न : आमची दोघा भावांची भागीदारी फर्म आहे, लेथ आणि सीएनसीचं जॉबवर्क करतो. आम्हाला अजून ३० टक्केच लागतात. कंपन्यांनाच २२ का? आम्ही पण कंपनी करून टाकावी का? (सांगली)

उत्तर : दादा, तुमचा राग रास्त आहे. २०१५ पासूनच्या या सगळ्या सौद्यात फर्म आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाच्या भागीदाऱ्या) कुठेच नाहीत. ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२. उत्पन्न १ कोटीच्या वर गेलं की १२ टक्के अधिभार, आणि मग थेट ३४.९४४. बड्या कंपन्यांनी २०१९ मध्ये जो आकडा मागे टाकला, तो आता भागीदारीतल्या वर्कशॉपला लागतो. यावर ना जेटली बोलले, ना त्यांच्यानंतरचं कुणी. उद्योजक संघटनाही मोठ्या सभासदांच्या कंपन्यांचंच रडगाणं गातात.

पण कंपनी करण्याआधी ही बेरीज करा. समजा भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचं व्याज जाऊन ५० लाख नफा उरला. फर्मला कर १५ लाख ६० हजार. उरलेले ३४ लाख ४० हजार तुम्ही दोघांनी वाटून घेतले तरी त्यावर पुन्हा कर नाही, कारण भागीदाराचा नफ्यातला हिस्सा करमुक्त आहे. कंपनी असती तर २५.१६८ टक्क्यांनी १२ लाख ५८ हजार. ३ लाख वाचले म्हणून हुरळू नका. १ एप्रिल २०२० पासून लाभांश घेणाऱ्याच्या हातात करपात्र झाला आहे. उरलेले ३७ लाख ४१ हजार तुम्ही सगळे घरी नेले आणि तुम्ही दोघेही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर त्यावर आणखी ११ लाख ६७ हजार. हातात राहिले २५ लाख ७४ हजार. फर्मपेक्षा साडेआठ लाखांनी कमी.

तेव्हा प्रश्न २२ आणि ३० चा नाही, तुम्ही नफ्याचं काय करता याचा आहे. दरवर्षी नवं मशीन घेत असाल, पैसा धंद्यातच फिरवत असाल, तर कंपनी फायद्याची. भाऊ-भाऊ वर्षअखेर हिशेब करून पैसे घरी नेत असाल, तर फर्म राहू द्या. आणि हो, एप्रिल २०२५ पासून भागीदारांच्या पगार-व्याजावर, वर्षाला २० हजारांच्या वर, १० टक्के टीडीएस कापायचा आहे. गेल्या वर्षी कित्येकांनी कापला नाही. तुम्ही कापताय ना?

कंपनी केलीतच तर आणखी एक. २२ टक्क्यांचा पर्याय एकदा घेतला की मागे फिरता येत नाही, आणि तो आपोआपही लागत नाही; विवरणपत्राच्या मुदतीत वेगळा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. सुरुवातीच्या वर्षांत इतक्या कंपन्यांचा तो राहून गेला की सीबीडीटीला (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला) २०२२ आणि २०२३ मध्ये उशीर माफ करणारी परिपत्रकं काढावी लागली. दरवेळी अशी दया होईल असं समजू नये.

प्रश्न : आमचं काजू प्रक्रियेचं युनिट आहे, प्रायव्हेट लिमिटेड. राज्य सरकारकडून औद्योगिक प्रोत्साहन अनुदान मंजूर झालंय. ते सरकारनेच दिलेलं असल्याने त्यावर प्राप्तिकर नसतो असं आमचा अकाउंटंट म्हणतो. बरोबर आहे का? (सिंधुदुर्ग)

उत्तर : तुमचे अकाउंटंट २०१५ च्या आधीचं बोलतायत, तेव्हा अर्धं बरोबर होतं. त्या काळी अनुदान कशासाठी दिलं हे बघायचे. नवा उद्योग उभा राहावा म्हणून दिलं असेल तर ते भांडवली, त्यावर कर नाही. रोजचा धंदा चालावा म्हणून दिलं असेल तर कर. महाराष्ट्रातल्या मल्टिप्लेक्सना करमणूक शुल्कात पहिली तीन वर्षं पूर्ण सूट होती, त्यावरून पुण्याच्या चाफळकर ब्रदर्सचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते जिंकले. हा निकाल दाखवून आजही लोक माझ्याकडे येतात. पण तो जुन्या वर्षांचा आहे.

जेटलींच्या २०१५ च्या वित्त कायद्याने 'उत्पन्न' या शब्दाची व्याख्याच रुंद केली. केंद्राचं असो की राज्याचं, रोख असो की सूट, कोणतंही अनुदान आता उत्पन्न. भाषणात हे कुठे ठळक नव्हतं, विधेयक पास होताना आलं. अपवाद मुख्यतः एकच : जे अनुदान एखाद्या यंत्राच्या किंवा इमारतीच्या किमतीपोटी मिळालं, ते त्या मालमत्तेच्या किमतीतून वजा करायचं, म्हणजे घसारा कमी मिळेल. तुमचं अनुदान राज्याच्या जीएसटीशी जोडलेलं आहे, यंत्राच्या किमतीशी नाही. त्यामुळे ते या अपवादात बसणं अवघड. राज्याने तुम्हाला १ रुपया दिला की त्यातले २५ पैसे केंद्र घेऊन जाणार, असा प्रकार आहे. राज्यांनी यावर आवाज का उठवला नाही, मला समजलेलं नाही.

आता महत्त्वाचं. मंजुरी मिळाली म्हणजे पैसे मिळाले असं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. मंजुरी या वर्षी, रक्कम दोन-तीन वर्षांनी, हप्त्याहप्त्याने, असं सर्रास चालतं. आणि उत्पन्न कोणत्या वर्षाचं धरायचं याला नियम आहे : मिळणार याची वाजवी खात्री झाली की दाखवायचं, आणि आधी दाखवलं नसेल तर हातात आलं त्या वर्षी दाखवावंच लागतं. ऑडिटरने मंजुरीपत्राच्या तारखेलाच सगळी रक्कम उत्पन्नात धरली तर न आलेल्या पैशांवर तुम्ही आगाऊ कर भरत बसाल. तेव्हा पात्रता प्रमाणपत्र, मंजुरीपत्र आणि त्यातली 'निधी उपलब्धतेनुसार' असली एखादी अट असेल तर ती, या तिन्हींच्या प्रती घेऊन ताळेबंदावर सही होण्याआधी ऑडिटरकडे बसा. सही झाल्यावर नव्हे.